मान घासून काळेपणा का जात नाही? चौदा वर्षांच्या मुलाच्या वाढलेल्या वजनाविषयी

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगा १४ वर्षांचा, नववीत. उंची १६० सेंमी, वजन ७४ किलो. पाचवी-सहावीपासून वजन वाढतच गेलं. मानेच्या मागे काळा पट्टा आलाय, कितीही घासलं तरी जात नाही. शाळेत मुलं चिडवतात म्हणून पीटीच्या तासाला बसून राहतो. सासूबाई म्हणतात, वयात येतोय, उंची वाढली की आपोआप उतरेल. मिस्टर म्हणतात, जिम लावा आणि रात्रीचं जेवण बंद करा. मला वाटतं थायरॉईड असेल. नक्की काय करू?"

ताई, यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे मानेवरचा पट्टा. त्याकडे येतोच. आधी आकडे बघू, कारण "जरा जाड आहे" म्हणजे किती, हे नीट ठरवल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

७४ किलोला १.६ मीटरने दोनदा भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, येतो २८.९. मोठ्या माणसांचे बीएमआयचे आकडे मुलांना लावायचे नसतात, कारण वाढत्या वयात दर वर्षी रेषा सरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १४ वर्षांच्या मुलाचा मधला आकडा १९ आहे. २१.८ च्या पुढे जादा वजन आणि २५.९ च्या पुढे लठ्ठपणा. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१५ साली आपल्या मुलांसाठी स्वतंत्र तक्ते काढले. त्यातल्या धोक्याच्या रेषा मोठेपणीच्या २३ आणि २७ या बीएमआयला जाऊन मिळतात, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० ला नाही. म्हणजे कोणताही तक्ता घेतला तरी तुमचा मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे. हे वाचून दचकू नका, पण "अंगाने भरलाय" म्हणून सोडूनही देऊ नका.

बीएमआयपेक्षा मला कंबर जास्त सांगते. घरातली शिवणाची टेप घ्या, मुलाला सरळ उभं करा, श्वास सोडल्यावर बेंबीच्या पातळीवर माप घ्या. पॅंटचा नंबर विचारून काम होत नाही. पोट सुटलेली मुलं पॅंट पोटाखाली घालतात, त्यामुळे पॅंट ३२ ची आणि पोट ३८ इंचांचं असं सर्रास असतं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुमच्या मुलाच्या बाबतीत ८० सेंमीच्या आत. त्यापुढे जितकी जास्त, तितकी पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी जास्त, असा ढोबळ हिशेब.

आता मान. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच आया हेच सांगतात: आंघोळीच्या वेळी काथ्याने घासलं, लिंबू लावलं, बेसन लावलं, कुणी ब्लीचसुद्धा केलं. काही मुलांची मान घासून घासून सोललेली असते. तो मळ नसतो. नीट बघितलं तर कातडी काळपट, जराशी जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते. काखेत, कोपराच्या वळीत, कधी बोटांच्या पेरांवरही दिसते. वैद्यकीय भाषेत तिला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. वजनदार मुलात ती दिसली की बहुतेक वेळा अर्थ एकच असतो: रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणारं हार्मोन, जास्त फिरतंय. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. साखर अजून हाताबाहेर गेलेली नसते, कारण स्वादुपिंड ओव्हरटाइम करतंय. त्या जादा इन्सुलिनमुळे कातडीच्या पेशी वाढतात आणि मान काळी होते. वजन आणि कंबर उतरली की काही महिन्यांत पट्टा फिका व्हायला लागतो. तोवर घासणं पूर्ण बंद करा. आणि मुलाला स्पष्ट सांगा की तू अस्वच्छ नाहीस. बरीच मुलं वर्षानुवर्षं शर्टची कॉलर वर करून वावरतात. त्यांना ही एवढी गोष्ट ऐकून किती हायसं वाटतं, ते मी रोज बघतो.

त्यात वयात येण्याच्या काळात प्रत्येक मुलाचं शरीर काही काळ इन्सुलिनला कमी दाद देतं. बारीक मुलांचंही. वाढीच्या हार्मोनचा तो परिणाम असतो आणि नंतर आपोआप ओसरतो. जाड मुलात हा नैसर्गिक भार आधीच्या भारावर येऊन पडतो, म्हणून बारा ते सोळा हा काळ फार नाजूक.

आपल्या लोकांना हा धोका कमी वजनावर सुरू होतो, आणि हे ज्ञान मोठ्या प्रमाणात पुण्यातून आलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पिढीभर पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपलं बाळ हाताला बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखलेली. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. त्यामुळे आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, असा मुलगासुद्धा मी तपासल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही.

थायरॉईडचं बघू. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतात, आणि त्यामागची आशा मला समजते. एक गोळी, आणि विषय संपला. पण हार्मोनच्या आजारामुळे वजन वाढतं तेव्हा उंची थांबते. थायरॉईड कमी असलेलं मूल बुटकं राहतं, सुस्त होतं, त्याला बद्धकोष्ठ होतं, थंडी जास्त वाजते. शरीरात स्टिरॉइड जास्त झालं तरी तेच: वजन वर, उंची जागेवर. उलट खाण्यापिण्यातून आलेल्या लठ्ठपणात मूल त्या वयाला उंच असतं, बरोबरीच्यांच्या पुढे. तुमचा मुलगा चौदाव्या वर्षी १६० सेंमी आहे, आणि गेली दोन-तीन वर्षं नीट उंच होत आला असेल, तर थायरॉईड हे कारण असण्याची शक्यता फार कमी. शाळेच्या हेल्थ कार्डावर दरवर्षीची उंची लिहिलेली असते, ती काढून बघा. आणि रक्तात टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) किंचित वाढलेलं आलं, पाचाच्या जागी सहा-सात, तर तेवढ्यावरून गोळी सुरू करू नका. लठ्ठ मुलांमध्ये टीएसएच असं थोडं वर जातंच. ते वजनामुळे वाढलेलं असतं, वजन उतरलं की खाली येतं. पाच वर्षांच्या आतच वजन वाढायला लागलं असेल आणि मूल भुकेने वेडंपिसं होत असेल, मूल बुटकं असेल, किंवा दमा, किडनी, फिट्स यांसाठी पोटातून स्टिरॉइड किंवा व्हॅल्प्रोएटसारखी औषधं बराच काळ चालू असतील, तर मात्र मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

सासूबाईंचं म्हणणं तोडून टाकू नका. त्यांनी अशी मुलं पाहिली आहेत, जी दहाव्या वर्षी गुबगुबीत होती आणि सोळाव्या वर्षी शिडशिडीत झाली. पण ती मुलं शाळेत चालत जायची, संध्याकाळी अंधार पडेपर्यंत बाहेर असायची आणि घरात खाऊचा डबा भरलेला नसायचा. आजच्या मुलांबद्दलचा अनुभव वेगळा आहे. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा असं दिसलं की किशोरवयात लठ्ठ असलेल्या दहापैकी साधारण आठ जण मोठेपणीही लठ्ठच राहतात.

तरीही आजींच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती आपल्या कामाची आहे. उंची अजून वाढणार आहे. समजा येत्या दोन-तीन वर्षांत तो १७० सेंमी झाला आणि वजन आज आहे तिथेच, ७४ ला थांबलं, तर बीएमआय २८.९ वरून २५.६ वर येतो. एक किलोही न घटवता! म्हणून माझं पहिलं उद्दिष्ट वजन उतरवणं नसतं, वजन थांबवणं असतं. थोडं उतरलं तर उत्तमच. मुलींच्या बाबतीत ही सवलत लवकर संपते. पाळी सुरू झाल्यानंतर उंची साधारण पाच-सात सेंमीच वाढते, त्यामुळे त्यांच्याकडे थोडं आधी लक्ष द्यावं लागतं.

वजन का वाढलं? आईवडिलांकडून आलेली ठेवण हा मोठा वाटा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत वजनातल्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडलेला दिसतो. गरोदरपणात आईला मधुमेह असणं, बाळ फार कमी किंवा फार जास्त वजनाचं असणं, या गोष्टीही मोजाव्या लागतात. पण गेल्या तीस वर्षांत आपली जनुकं बदललेली नाहीत. १९९० मध्ये भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं चारेक लाख होती, २०२२ मध्ये ती सव्वा कोटी झाली, असा 'लॅन्सेट'मधल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. याच देशात २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटातली जवळपास पाच टक्के मुलं जादा वजनाची आणि चोवीस टक्के हडकुळी निघाली. एकाच वर्गात, एकाच बाकावर दोन्ही बसलेली असतात.

बदलला आहे तो मुलांचा दिवस. दवाखान्यात मी "काय खातोस" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर आईकडे बघून दिलं जातं. मी विचारतो, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?" नववीतल्या मुलाचं उत्तर साधारण असं येतं. सहाला कसाबसा उठला. भूक नाही, म्हणून चॉकलेट पावडर घातलेलं दूध उभ्याउभ्या. सातला शाळा. साडेनऊच्या छोट्या सुट्टीत बिस्किटाचा पुडा. डब्यातली भाजी-पोळी अर्धी परत आली, कारण सुट्टी पंधरा मिनिटांची आणि मित्राने कुरकुरीत पाकीट आणलेलं. दीडला घरी, वरण-भात. चारला गणिताचा क्लास, सहाला विज्ञानाचा. दोन्हींच्या मध्ये क्लासखालच्या गाडीवर वडापाव किंवा पॅटीस, सोबत कोल्ड्रिंक. साडेआठला घरी आला तो भुकेने पिसाटलेला, ताट वाढेपर्यंत फरसाण. साडेनऊला टीव्हीसमोर चार पोळ्या. मग गृहपाठ, मग मोबाइल, साडेबाराला झोप.

या दिवसात पोराने अचाट काही खाल्लेलं नाही. पण दिवसभराचं निम्म्याहून जास्त खाणं संध्याकाळी पाचच्या पुढे गेलं, आणि चालणं झालं ते गाडीपासून क्लासच्या जिन्यापर्यंत. हिशेब करून बघा. वडापाव साधारण ३०० कॅलरीचा. कोल्ड्रिंकच्या १०० मिलीत दहाएक ग्रॅम साखर, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे, शंभर कॅलरी. त्याच्या वजनाच्या मुलाने अर्धा तास भराभर चालल्यावर जळतात दीडशेच्या आसपास. म्हणून "जिम लावली की झालं" हे गणित जमत नाही. व्यायामाचे फायदे वेगळे आणि मोठे आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

झोपेचं महत्त्व पालकांना सगळ्यात कमी पटतं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. साडेबारा ते सहा म्हणजे साडेपाच तास. झोप कमी पडली की भूक वाढवणारी हार्मोन चढतात, पोट भरल्याचा निरोप देणारी उतरतात, आणि मुलाला गोड-तळकट हवंसं वाटतं. शिवाय जागं असलं की खाणं होतंच. मुलगा रात्री घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल आणि वर्गात पेंगत असेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. गळ्याभोवतीच्या चरबीमुळे झोपेत श्वास अडतो. अशा मुलाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

पीटीचा तास. तो चिडवतात म्हणून बसून राहतो असं तुम्ही लिहिलंय. अशा मुलांना एकट्यात विचारलं तर दोन गोष्टी बाहेर येतात. एक, टीम निवडताना शेवटी उरणं, आणि मग गोलकीपर नाहीतर अंपायर होणं. दुसरी ते सहसा बोलत नाहीत: टी-शर्ट अंगाला चिकटला की छाती मुलींसारखी दिसते, ही लाज. वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांच्या छातीत थोडी गाठ येते आणि ती साधारण दोन वर्षांत जाते. जाड मुलात त्यावर चरबीचा थर असतो. तसंच ओटीपोटाच्या चरबीत लिंग झाकलं गेल्याने ते लहान आहे असं वाटून मुलगा, कधी आईसुद्धा, मनातल्या मनात कुढत असते. तपासणीत बहुतेक वेळा सगळं व्यवस्थित असतं. वडिलांनी किंवा डॉक्टरांनी हे एकदा शांतपणे सांगितलं की मुलाचा खांदा सरळ होतो. पोहायला घाला असा सल्ला लोक सहज देतात. ज्याला शर्ट काढायची लाज वाटते, त्याला आधी विचारा तरी.

घरातल्या बोलण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. "ढोल्या", "किती खाशील", "बघ तो दादा कसा फिट आहे", लग्नाकार्यात काका-मामांनी पोटाला हात लावून केलेली थट्टा. या बोलण्याने एकही मूल बारीक झालेलं मी पाहिलं नाही. ज्या मुलांना वजनावरून टोमणे बसतात, त्यांचं वजन पुढे जास्त वाढतं, हे अनेक वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांतही दिसलं आहे. मूल चारचौघांत कमी खातं आणि मग लपून खातं. गादीखाली चॉकलेटचे कागद सापडले तर आरडाओरडा करू नका. ती चोरी नाही, त्याला खाताना कुणी बघायला नको आहे, एवढंच ते सांगतंय. जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, उलट्या, अचानक दिवसदिवस उपाशी राहणं, आरशासमोर रडणं, असं काही दिसलं तर वजनाचा विषय बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते जास्त तातडीचं आहे.

म्हणूनच रात्रीचं जेवण बंद करणं मला मान्य नाही. तुमचे मिस्टर काळजीपोटी बोलतायत, पण उपाशी झोपलेला वाढत्या वयाचा मुलगा दुसऱ्या दिवशी क्लासखाली दोन वडापाव खाईल. केटो, अमुक तास उपास, फक्त सूप, वजन उतरवणारी पावडर, यांपैकी काहीही वाढत्या मुलाला नको. या वयात हाडं आणि स्नायू तयार होत असतात, आणि जाड मुलांतही लोह, ड जीवनसत्त्व यांची कमतरता भरपूर आढळते.

करायचं काय, तर सुरुवात पिण्यापासून करा. कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, दुधातली चॉकलेट पावडर, चहातली साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला सहाएक चमच्यांच्या आत असलेली बरी. एक बाटली कोल्ड्रिंक तो सगळा कोटा संपवते. घरात आणणंच बंद करा, सगळ्यांसाठी. फ्रिजमध्ये ठेवून "तू घेऊ नकोस" म्हणणं क्रूर आहे. नुसतं हे पहिलं पाऊल पाळलं तरी काही मुलांचं वजन थांबतं.

मग संध्याकाळी पाच-सहाची वेळ. सगळ्या दिवसाची मेख तिथे आहे. त्या वेळी पोटात खरं अन्न जायला हवं, आणि ते बरोबर न्यावं लागेल. दुसरा डबा भरा. दोन उकडलेली अंडी, किंवा मटकीची कोरडी उसळ, थालीपीठ, पनीर घातलेली पोळीची गुंडाळी, फुटाणे-शेंगदाणे आणि एक फळ. उसळीचा डबा वर्गात उघडायला मुलं लाजतात, वास येतो म्हणून. त्यामुळे काय न्यायला आवडेल ते त्यालाच ठरवू दे. आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर वडापाव खाल्ला तर खाऊ दे, लपवून नको. ही एक गोष्ट जमली की साडेआठचं फरसाण आपोआप सुटतं आणि रात्री चारऐवजी दोन-तीन पोळ्यांवर पोट भरतं.

रात्रीच्या ताटात भात, भाकरी, चमचाभर तूप यांतलं काहीच हद्दपार करायचं नाही. आपल्या ताटाची खरी उणीव डाळीत आणि भाजीत असते. वरण पातळ, भाजी चवीपुरती, आणि पोळ्या-भाताचा ढीग. डाळ घट्ट करा, भाजी आणि कोशिंबीर मिळून अर्धं ताट भरा, मांसाहारी असाल तर रस्सा कमी आणि तुकडे जास्त. महिन्याला घरात किती तेल येतं ते माणशी भागून एकदा बघा, आकडा तुम्हालाच बोलेल. आणि हो, उपवासाची साबुदाण्याची खिचडी हे हलकं खाणं नाही. टीव्ही बंद करून शक्य तितक्या दिवशी सगळ्यांनी एकत्र जेवा. ज्या घरांत एकत्र जेवतात, तिथल्या मुलांचं खाणं बरं असतं, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

झोपेसाठी एकच नियम पुरतो: रात्री साडेदहाला घरातले सगळे मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. वडिलांचासुद्धा.

हालचाल रोज तासभर, हे ५ ते १७ वयाचं प्रमाण. ते एकाच वेळी व्हायला हवं असं नाही. क्लासला सायकलने जाणं-येणं, रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला बाबांबरोबर फेरी, घराच्या गच्चीवर दोरीउड्या. व्यायामाने वजन फारसं उतरलं नाही तरी स्नायू इन्सुलिनला दाद द्यायला लागतात, रक्तदाब आणि यकृतातली चरबी कमी होते, झोप लागते, मन उजळतं. जिमने उंची खुंटते हा समज चुकीचा आहे. शिकवणारा नीट असेल तर सूर्यनमस्कार, जोर-बैठका, हलकी वजनं हे सगळं या वयाला चांगलं, आणि जाड मुलं यात पटकन पुढे जातात, कारण त्यांची ताकद मुळात जास्त असते. जिममधल्या पावडरी मात्र नकोत.

शाळेचाही यात भाग आहे. शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना पेय-पदार्थांतली साखर दाखवणारे फलक लावायला सांगितलं. पालकसभेत हे विचारा. त्याच दमात हेही विचारा की पीटीचा तास गणिताला का दिला जातो आणि चिडवणाऱ्यांबाबत वर्गशिक्षक काय करतात. एकट्या आईने विचारलं तर टाळतात, चार पालकांनी विचारलं तर ऐकतात.

आता तपासण्या. मानेवर पट्टा आहे, म्हणून या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्तदाब मोजताना दंडाच्या मापाचा पट्टा वापरायला सांगा, जाड दंडावर लहान पट्टा लावला की रक्तदाब खोटाच जास्त येतो. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी), चरबीची तपासणी आणि यकृतासाठी एसजीपीटी. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, निघालं तर घाबरू नका, या वयात वजन थांबवल्यावर ते बऱ्यापैकी मागे फिरतं. मुलगी असती तर पाळीबद्दलही विचारलं असतं. सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं अनियमित असणं साधारण चालतं, पण तीन-तीन महिने न येणं, हनुवटीवर राठ केस, मुरमांचा जोर असेल तर पीसीओएस या बीजकोशांशी निगडित हार्मोनच्या आजाराचा विचार करावा लागतो. एका गोष्टीत मात्र थांबू नका: जाड मुलगा लंगडायला लागला, जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणाला, तर त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा. या वयात खुब्याच्या हाडाचा गोळा जागेवरून सरकू शकतो. दुखणं गुडघ्यात जाणवतं, म्हणून निदान हमखास लांबतं.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली पालक विचारतात. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस सेमाग्लुटाइडला १२ वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी मान्यता मिळाली. काही मोजक्या मुलांना त्याची खरी गरज असते. तो निर्णय हार्मोनतज्ज्ञाने, सगळ्या तपासण्या हातात घेऊन करायचा असतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत आज तिथे पोचण्याची गरज मला दिसत नाही.

वजनकाटा महिन्यातून एकदाच, कंबर तीन महिन्यांतून एकदा. रोज काट्यावर उभं करू नका. डॉक्टरांकडे जाताना शाळेच्या हेल्थ कार्डावरचे उंची-वजनाचे जुने आकडे, आधीचे रिपोर्ट, तुम्ही दोघं नवरा-बायको आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांपैकी कुणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे त्याची नोंद, आणि त्याने स्वतः लिहिलेला दोन दिवसांचा दिनक्रम न्या. एक दिवस शाळेचा, एक रविवारचा. तो लिहील तेव्हा शेजारी बसू नका. आणि डॉक्टरांना सांगा की दहा मिनिटं तुम्ही बाहेर थांबता, त्याच्याशी एकट्याशी बोला.